इलेक्ट्रिक ट्रक: माझा तीस दिवसांचा अभ्यास

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण मिळालं की त्याची नोंद असावी, आणि मला ते काल दुपारी सव्वातीनला मिळालं.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सावळीराम, आपल्या आडगावच्या यार्डात दोन इलेक्ट्रिक ट्रक येतायत, पंचावन्न टनी, नाशिक-भिवंडी करतील. चार्जर यार्डातच बसेल. तुम्ही यार्ड इन्चार्ज, जरा त्यातलं समजून घ्या. तोंडाने 'जरा' म्हणाले, पण मी माणूस ओळखतो. ईव्ही इन्चार्ज अशी पोस्ट निघणार आहे. तीस वर्षं डिझेलमध्ये काढलेल्या माणसाला सोडून ती दुसऱ्या कुणाला देणार?

चार्जरची कंपनी पुण्याची. माझी मुलगी हर्षाली याच कंपनीत इंजिनिअर आहे. आता समजलं ना, वळण का म्हणतोय ते.

बायको उज्वला सध्या हर्षालीकडेच आहे. फ्लॅट लावून द्यायला आठ दिवसांसाठी गेली आहे. आज चारशे एकोणिसावा दिवस. पुण्यात कामाला माणसं मिळत नाहीत म्हणतात.

संकल्प: चार्जिंगचं मॅन्युअल रोज दहा पानं. मेलवर येणार आहे, एकूण चौऱ्याऐंशी पानं आहेत म्हणे, म्हणजे नऊ दिवसांत मी तज्ज्ञ. शिवाय रोज सकाळी चालणे आणि पोळ्या घरी करणे.

४ सप्टेंबर, गुरुवार. सायंकाळी ६.३०
मॅन्युअल मेलवर आलं. पाठवणारी हर्षाली! सुरुवात 'आदरणीय महोदय'. शेवट 'काही शंका असल्यास सपोर्टला कळवावे'. माझा ऊर भरून आला. आजकालच्या मुली बापाला आदरणीय म्हणतात का?

बारकूला दाखवलं. बारकू आमचा सीनियर ड्रायव्हर, चांदवडकडचा. तो म्हणाला, साहेब, हाच मेल शेठला बी आलाय, आन् मला बी. मलाबी महोदयच म्हनलंय. बारकू चांगला आहे, पण त्याला भावना कळत नाहीत.

वाचलेली पानं: चार. एकदम सोपं आहे. किलोवॅट म्हणजे नळाची धार. युनिट म्हणजे हंड्यात साठलेलं पाणी. लाइट बिलात येतं तेच युनिट. ट्रकच्या बॅटरीचा हंडा तीनशे युनिटचा. चार्जरची धार दोनशे चाळीस किलोवॅटची. तीनशेला दोनशे चाळीसने भागलं, सव्वा तास आला. झालं की! यात चौऱ्याऐंशी पानं लिहिण्यासारखं काय आहे?

चाललो नाही. पाऊस होता. पोळ्या आणल्या.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.००
हर्षालीला फोन केला. मीटिंगमध्ये होती. रविवारी! कंपनी तिला फार राबवते. मी हे तेव्हाच सांगितलं होतं.

'तेव्हाच'बद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय मिटेल. तिला ही नोकरी लागली तेव्हा मी यार्डातल्या चहाच्या टपरीवर चार ड्रायव्हरांसमोर म्हणालो होतो की विजेवर मिक्सर चालतो, ट्रक नाही. हर्षाली तिथेच डबा घेऊन उभी होती, हे मला काय माहीत! आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात एक फोन केला. एकच. आमची मुलगी बाहेरगावी नोकरी करणार नाही, जागा दुसऱ्याला द्या, असं सांगितलं. निव्वळ काळजीपोटी. त्यांनी तिला विचारलं, ती म्हणाली मी येतेय, आणि ती गेली. एवढंच झालं. यात भांडण कुठे आहे?

मग उज्वला आठ दिवसांसाठी गेली. जाताना दोन्ही मोठ्या बॅगा आणि मिक्सर घेऊन गेली. बायकांना कमी सामान घेऊन प्रवास करताच येत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १.४५
चार्जर आला. उंच कपाटासारखा दिसतो. दोन जाड केबल, टोकाला पेट्रोल पंपावर असतात तशा दोन गन. पण कालपासून पितृपक्ष लागला. शेठ म्हणाले, पंधरा दिवस प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही. ट्रकची डिलिव्हरीही घटस्थापनेला. चालू करायचं ते खंडेनवमीला, पूजा करून.

मला बरंच वाटलं. अभ्यासाला वेळ. आज पान सहा.

बारकूला ट्रेनिंगसाठी आठ दिवस पुण्याला पाठवतायत. मी शेठना सुचवलं की मीही जातो. ते म्हणाले, यार्ड कोण बघणार? माझ्यावाचून यांचं पान हलत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सायंकाळी ७.००
सपोर्टला पहिली शंका पाठवली: चार्जिंग चालू असताना ट्रकजवळ जेवायला बसलं तर चालतं का? चार मिनिटांत उत्तर! 'आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद. होय, परंतु केबलवर पाय देऊ नये. आपला दिवस शुभ जावो.'

खाली नाव 'सपोर्ट टीम'. पण मी भाषा ओळखतो. केबलवर पाय देऊ नये. लहानपणी इस्त्रीच्या वायरबद्दल मी तिला हेच सांगायचो.

दुसरी शंका पाठवली: आपण जेवलात का? उत्तर: 'आपला प्रश्न समजला नाही. कृपया वेगळ्या शब्दांत विचारा.' कामाच्या वेळेत घरचं बोलत नाही. शिस्तीची आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार. सायंकाळी ६.१५
आज सात शंका. सात उत्तरं. गेल्या वर्षभरात आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

पान सहा. सात नंबरच्या पानावर आलेख आहे. आलेख मला सकाळीच समजतात.

२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४.३०
बारकू आला. आठ दिवसांसाठी गेला आणि आठव्या दिवशी परत आला. काही लोकांना जमतं.

म्हणाला, हर्षालीताईंनीच शिकवलं. लय भारी शिकवती. एक दिवस घरी जेवायला बी नेलं. वहिनींनी शेवभाजी केली व्हती. मी विचारलं, कशा आहेत? तो म्हणाला, मजेत हायती. खालच्या हॉस्टेलच्या पोरींना चाळीस डबे देत्यात. मिक्सर दिवसभर चालू. देवघर बी झ्याक मांडलंय.

चाळीस डबे! आणि मी इथे चौकातल्या पोळ्या खातोय. पण मी मोठ्या मनाने विचार केला. चाळीस जणींचे डबे एकदम कसे बंद करणार? परीक्षा झाल्या की येईल.

माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मी सहज विचारलं. बारकू टायरकडे बघत म्हणाला, गोळ्या घेता का, एवढं इचारलं.

घेतो. बहुतेक रोज.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना. सकाळी ९.२०
ट्रक आले. पांढरेशुभ्र. आवाजच नाही. यार्डातलं कुत्रं चाकाजवळ झोपलं होतं, ट्रक हलला तेव्हा त्याला पत्ता लागला.

घरी घट मी स्वतः बसवला. माती, सात धान्यं, वर माळ. देव्हाऱ्यात सगळे देव आहेत, फक्त अन्नपूर्णेची जागा रिकामी आहे. उज्वलाची माहेरची अन्नपूर्णा, लग्नात आलेली. जाताना बॅगेत ठेवताना मी पाहिलं होतं. पितांबरी लावून घासायला नेली असणार. काळी पडली होती जरा.

शेजारच्या वत्सलाबाई माळेला फुलं द्यायला आल्या. त्यांचा मखमलाबादला फुलांचा मळा आहे. उज्वला कधी येणार, म्हणाल्या. आठ दिवसांत, म्हटलं. त्या म्हणाल्या, मागच्या घटालाही हेच म्हणाला होतात. बाईंची स्मरणशक्ती नको तिथे चांगली आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार. सायंकाळी ५.५०
चार्जिंगचं टाइमटेबल बनवलं, लॅमिनेट केलं, चार्जरशेजारी लावलं. 'गाडी १: १२.०० ते १.१५, शून्य ते शंभर टक्के. गाडी २: १२.०० ते १.१५, शून्य ते शंभर टक्के. आज्ञेवरून, ईव्ही इन्चार्ज.' ऑर्डर अजून निघालेली नाही, पण लॅमिनेशन पुन्हा पुन्हा करायला नको.

बारकूने वाचलं. म्हणाला, साहेब, दोन्ही गाड्या एकदम लावल्या तर धार वाटली जाती, दोघींना एकशेवीस एकशेवीस. आन् ऐंशीच्या पुढं मशीन आपोआप हळू होतं. शेवटचे वीस टक्के लय वेळ खात्यात. म्हणून ऐंशीला काढायची आन् भिवंडीत माल उतरतोय तवर परत लावायची. जेवणासंगं चार्जिंग.

मी हसलो. म्हटलं, बारकू, तीस वर्षं या यार्डातून एक गाडी अर्ध्या टाकीने बाहेर पडलेली नाही. टाकी फुल्ल, मगच गेट पास. त्यावर तो आणखी काय म्हणाला माहीत आहे? कसारा घाट उतरताना ब्रेक मारला की बॅटरी परत भरते! ड्रायव्हर लोक थापा मारतात हे माहीत होतं, पण चढाची भरपाई उतारावर होते असं तर माझे आजोबाही सांगत नव्हते.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२.१५
मेल! खंडेनवमीला चार्जर चालू करून द्यायला कंपनीचा इंजिनिअर येणार. नाव हर्षाली.

येणार म्हणजे उज्वलाला घेऊनच येणार. दसरा घरी करणार. दोघी राहणार. मग दिवाळी तोंडावर आहे, कोण कशाला परत जातं?

तिची खोली उघडली. खिडकी जाम झाली आहे. नवीन चादर आणली, निळी. नवीन मिक्सर आणला, म्हणजे जुना ओढत आणायला नको. सपोर्टला कळवलं: खोली तयार आहे. उत्तर: 'आपली तक्रार नोंदवली आहे.' फार विनोदी पोरगी.

३० सप्टेंबर, मंगळवार. सायंकाळी ७.३०
पूजेची तयारी पूर्ण. वत्सलाबाईंकडून झेंडू, पाच किलो. नारळ, लिंबं, हळद-कुंकू. हर्षालीची पहिली सायकल आणली तेव्हाही खंडेनवमीच होती. मी एकेका भागाला कुंकू लावलं होतं. चेनलासुद्धा. तिला आठवत असेल.

मॅन्युअल पान सात. आलेख उद्या सकाळी तिच्याकडूनच समजून घेईन. बापाने मुलीला एक शंका विचारली तर तिला बरं वाटतं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी ८.४०
यार्डात पूजा आटोपली. ती यायच्या आत मन लावून केली. ट्रकला हार, चाकांखाली लिंबं, पाना-पक्कडीला गंध. मग चार्जर. नुसत्या कपाटाला कुंकू लावून काय उपयोग? खरं काम गन करते. दोन्ही गन उघडल्या. आत पितळेसारख्या पिना आहेत. प्रत्येक पिनेला ओलं हळद-कुंकू, पाच-पाच बोटं, वर अक्षता. नारळ चार्जरच्या पायाशी फोडला आणि पाणी चारी बाजूंनी शिंपडलं. प्रसन्न दिसतंय.

साडेनऊला येते म्हणाली. म्हणजे मेलमध्ये.

१ ऑक्टोबर. सायंकाळी ६.५०
एकटीच आली. कंपनीच्या गाडीने. उज्वला आली नाही. डबे.

वाळली आहे. केस कापलेत. माझ्या पाया पडली, मग लगेच हेल्मेट घातलं. मी म्हटलं खोली तयार आहे, ती म्हणाली आधी काम करू.

शेठ, शेठची माणसं, सगळे ड्रायव्हर गोळा झालेले. बारकूने गाडी लावली, गन जोडली. हर्षालीने बटण दाबलं. मशीनने टुक टुक केलं आणि लाल दिवा लागला. दुसरी गन. पुन्हा लाल. ती म्हणाली, चालू व्हायच्या आधी मशीन स्वतःच तपासतं, कुठून वीज गळतेय का. तशी शंका आली की ते वीज सोडतच नाही.

शेठ चिडले. गनला कोणी हात लावला, विचारलं. यार्ड इन्चार्ज म्हणून कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोललो. मी म्हणालो, सकाळी गाडी बारकूने लावली.

हे खोटं नाही. गाडी बारकूनेच लावली.

बारकू मान खाली घालून उभा राहिला.

हर्षालीने मेन बंद केला, गन उघडली, टॉर्च लावून आत बघितलं. बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला समजलं, तिला सायकल आठवली.

ती शेठकडे वळली आणि म्हणाली, दमट हवेने झालंय, या दिवसांत होतं असं. ड्रायव्हरची चूक नाही. दोन तास द्या.

दोन तास ती उन्हात खाली बसून एकेक पिन ब्रशने साफ करत होती. मी पाणी घेऊन गेलो. ती हळूच म्हणाली, पप्पा, हे मशीन आहे, सायकल नाही. कुणी मेलं असतं.

मी म्हटलं, सपोर्टच्या मेलवर तू हे कधी सांगितलं नाहीस. कोणते मेल, म्हणाली. मी मोबाइल काढून दाखवले. एकशे बारा शंका. तिने वाचले, खोली तयार आहे तिथपर्यंत. मग मोबाइल परत दिला. म्हणाली, याला उत्तरं कॉम्प्युटर देतो, पप्पा. मी नाही.

दुपारी चार्जर सुरू झाला. माझ्या टाइमटेबलप्रमाणे दोन्ही गाड्या एकदम लावल्या. पंधरा टक्क्यांवर होत्या, सव्वा तासाने पासष्ट टक्के. बारकू म्हणाला होता तसंच. ऐंशीला बारकूने पहिली गाडी काढली आणि भिवंडीला नेली. शेठनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून चार्जरचं बारकू बघेल. मी टाळ्या वाजवल्या.

हर्षाली चारला निघाली. घरी आली नाही. मी विचारलं, तुझ्या आईचे आठ दिवस कधी संपणार? ती गाडीत बसली होती. काच खाली होती. म्हणाली, आई आठ दिवसांसाठी आली नव्हती. हे तुम्ही लोकांना सांगितलंत. आईने कधीच म्हटलं नव्हतं.

गोळ्या घेत जा म्हणाली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी १०.३०
चारशे अठ्ठेचाळीस.

यार्ड बंद. आपट्याची पानं आणली होती दोन जुड्या. एक वत्सलाबाईंना दिली. त्यांनी काही विचारलं नाही. आज पहिल्यांदाच.

दुसरी घेऊन बारकूच्या घरी गेलो. दारातच म्हटलं, कुंकू मी लावलं होतं. तो म्हणाला, माहीत हाय साहेब. हळद तुमच्या शर्टाच्या बाहीला व्हती. मग त्याने मला सोनं दिलं, चहा दिला, आणि सात नंबरच्या पानावरचा आलेख समजावून सांगितला. ऐंशीपर्यंत रेघ सरळ जाते, मग वाकते. आता कळला. बरोबर आहे त्याचं. उतारावर बॅटरी भरते तेही खरं आहे. काल कसारा उतरताना चार टक्के वाढले, त्याने फोटो काढलाय.

हर्षालीने भरलेल्या फॉर्मची कॉपी यार्डातून घरी आणली आहे. बिघाडाचं कारण: दमट हवा. खाली तिची सही. मी तिच्या कंपनीत फोन करून तिची नोकरी घालवायला निघालो होतो. तिने त्याच कंपनीच्या कागदावर खोटं लिहून माझी वाचवली.

दुपारी फोन करणार आहे. सपोर्टला नाही. उज्वलाला. शंका नाही विचारणार. माझं चुकलं एवढंच म्हणणार आहे. उचलला तर.

नवा मिक्सर खोक्यातच आहे. निळी चादर घडी करून ठेवली. मग देव्हाऱ्यासमोर बसलो आणि नेहमीसारखा आधी अन्नपूर्णेच्या जागेला हात जोडला. तिथे ताम्हणाएवढा गोल डाग आहे, बाकी काही नाही.

पितांबरीला चौदा महिने लागत नाहीत.